घरी जायची घाई

आमच्या कंपनीत घरच्यांची मीटिंग झाली त्याला आता वर्ष होऊन गेलं, तरी ती आठवली की माझे कान गरम होतात. भाजी चिरताना, रस्ता ओलांडताना, कधीही. मग मी स्वतःशीच काहीतरी पुटपुटते आणि बाजूची माणसं माझ्याकडे बघतात.

मी मुलुंडला औषधांच्या पॅकिंगमध्ये काम करते. मशीनमधून गोळ्यांच्या स्ट्रिप पट्ट्यावर येत राहतात. एखादी गोळी तुटलेली असेल, एखादा खण रिकामा राहिला असेल, तर ती स्ट्रिप उचलून बाजूला टाकायची. मुलगी शाळेत होती तेव्हा कामाला लागले, आता तिची मुलगी शाळेत जाते. लाइनवर आम्ही सगळ्या बायकाच. सकाळी नऊला आत शिरायचं, साडेपाचला बाहेर पडायचं. घर नाहूरला, त्यामुळे मी चालतच जाते-येते.

त्या वर्षी कायदा बदलणार, कारखान्यात बारा तासांची पाळी लावता येणार, असं पेपरात आलं. आमच्यात पेपर नीट वाचणारी एकच, माझी मैत्रीण. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, दोन मुलांची आई, आणि तोंडाने फटकळ. तिने जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचून दाखवली.

"म्हणजे चार दिवस बारा-बारा तास आणि तीन दिवस सुट्टी," ती म्हणाली. "आणि आपली लेखी संमती पाहिजे. संमती म्हणे! साहेब समोर बसून विचारणार आणि आपण नाही म्हणणार? आठ तास कुणी आपल्याला दान दिलेले नाहीत गं. आपल्या आधीच्या लोकांनी भांडून घेतलेत."

"माझा मुलगा साडेसहाला ट्यूशनमधून सुटतो," एक जण म्हणाली. "तो काय रात्री नऊपर्यंत फुटपाथवर बसेल?"

"आणि पायांची वाट लागेल ती वेगळीच."

सगळ्या तावातावाने बोलत होत्या. टेबलाच्या टोकाला बसलेली एक मुलगी मात्र काही बोलत नव्हती. आमच्यात सगळ्यात लहान, लग्न व्हायचं होतं, घरी फक्त आई. आईचं डायलिसिस चालू होतं. मग ती हळूच म्हणाली, "मला तीन दिवस सुट्टी मिळाली तर बरं होईल ना पण. आईला न्यायला दर वेळी रजा मागायला लागते. साहेबांचं तोंड बघवत नाही."

मैत्रिणीने तिच्या ताटलीत चटणी वाढली आणि म्हणाली, "तुझं वेगळं आहे गं. तुला रजाच मिळायला पाहिजे. बारा तास राबून का कमवायची ती?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू सांग. तू सगळ्यात जुनी."

"नकोच," मी म्हटलं. "आठच बरे."

हे म्हणताना माझी नजर डब्यात होती. कारण बातमी ऐकल्यापासून माझ्या मनात भलतंच चाललं होतं. मी हिशोब करत होते, की बारा तास झाले तर मी घरी कधी पोचेन. आणि जितका उशिराचा आकडा येई तितकं मला बरं वाटत होतं.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर वाटेल घरी मला कोणी मारतं, छळतं. तसं काहीच नाही. माझे मिस्टर साधे आहेत. एका खासगी कंपनीत स्टोअरकीपर होते, कंपनी गुजरातला गेली तेव्हा यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून घरीच. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, मालवणकडच्या. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. त्याही कधी वावगं बोललेल्या नाहीत. पण मी दार उघडलं, की चप्पल काढायच्या आत टीव्हीसमोरून आवाज येतो, "आलीस? आईला चहा हवाय." आतून सासूबाई विचारतात, "इलंस गो?" मग चहा, मग त्यांचं अंग पुसणं, मग कणीक, मग कुकर. हाक, हाक आणि हाक. कंपनीत मशीनचा आवाज इतका असतो, की मला कोणी हाक मारूच शकत नाही. लोकांना त्या आवाजाचा त्रास होतो. मी त्यात शिरले की माझे खांदे खाली येतात.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? घरी म्हातारं माणूस आहे आणि सुनेला मशीनजवळ बरं वाटतं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

काही दिवसांनी मॅनेजर साहेबांनी जाहीर केलं, की एका शनिवारी घरच्या मंडळींना बोलावून नवीन पाळीची माहिती देणार. मैत्रीण भडकली. "संमती आपली पाहिजे असं लिहिलंय. यात नवरे कुठून आले?" पण चहा आणि बटाटेवडे होते, आणि नवऱ्यांना आपल्या बायका कुठे काम करतात ते बघायचं होतं. सगळे आले. माझेही आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

बोलायचं कोणी, यावर आदल्या दिवशी आमचं ठरलं होतं. मैत्रीण बोलली तर भांडण होईल, म्हणून सगळ्यांनी मला पुढे केलं. काय बोलायचं ते तिने माझ्याकडून दोनदा घोकून घेतलं.

वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे म्हणून नवरे, दीर, सासरे खुर्च्यांवर बसले. आम्ही मागे भिंतीला टेकून उभ्या, निळे एप्रन घालून. शाळेत पालकसभेला मुलांना उभं करतात ना, तशा. साहेबांनी फळ्यावर पाळ्या काढून दाखवल्या. मग म्हणाले, "तुमच्या घरच्यांची हरकत नसेल तरच आपण पुढे जाऊ. बोला, मोकळेपणाने बोला."

एकेक पुरुष उभा राहायला लागला. कोणी म्हणालं, घरापर्यंत गाडी सोडणार का. कोणी म्हणालं, आमची काही हरकत नाही, तिची तब्येत तेवढी सांभाळा. कोणी म्हणालं, आमच्याकडे बायकांनी सातनंतर बाहेर राहायची पद्धत नाही. मागे त्यांच्या बायका आपापल्या पायांकडे बघत होत्या. मग माझे मिस्टर उठले. हसत हसत म्हणाले, "साहेब, माझी काहीच तक्रार नाही. फक्त संध्याकाळच्या चपात्या कंपनी पाठवणार का, तेवढं सांगा!"

हॉलभर हशा पिकला. साहेबही हसले. मागे आम्हीही हसलो. मीही हसले.

साहेबांनी मग त्या लहान मुलीकडे बघितलं. "तुमच्याकडून कोण आलंय?"

"मीच आलेय, सर."

"तसं नाही, घरचं कोणी?"

"घरची मीच आहे," ती म्हणाली. तिने काही उद्धटपणे म्हटलं नव्हतं, खरं तेच सांगितलं. पण पुढच्या रांगेतला एक जण वळून तिच्याकडे बघायला लागला आणि ती लाल झाली. मला तेव्हा तिच्यासाठी लाज वाटली, आणि लगेच वाटलं, हिला कशाची लाज? लाज तर आम्हाला वाटायला हवी. चाळिशी-पन्नाशीच्या बाया आम्ही, आणि आमच्या तासांचं समोरचे शर्ट ठरवत होते.

मग मला बोलायला सांगितलं. घोकलेलं सगळं मी नीट बोलले. आठ तासांनंतर डोळे थकतात आणि तुटकी गोळी नजरेतून सुटते. मुलं लहान आहेत. कोणाला बारा तास हवे असतील तर तिने ते स्वतः सांगावं, पण जिला नकोत तिच्यावर दबाव नसावा. मैत्रीण भिंतीला टेकून मान डोलावत होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे झालं सगळ्यांचं. तुमचं स्वतःचं काय, मॅडम?"

मी तोंड उघडायच्या आत माझे मिस्टर मागे वळून म्हणाले, "तिचं काय विचारता साहेब! साडेपाच वाजले की निघते. घरी यायची घाई असते तिला."

ते कौतुकाने म्हणाले. हसून, अभिमानाने. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

"मला घाई नसते," मी म्हटलं.

आवाज माझाच होता, पण जरा जास्तच मोठा आला. सगळे बघायला लागले. मग मी म्हटलं, "मला बारा तास चालतील. घरी लवकर जायचं नसतं मला."

मिस्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतून निघून गेलं होतं. मी मैत्रिणीकडे बघितलं. ती माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मला पहिल्यांदाच बघतेय. साहेब मात्र खूश झाले. "बघा," ते म्हणाले, "मॅडम स्वतःच म्हणतायत. सगळ्यात सीनियर आहेत."

मीटिंग संपल्यावर मैत्रीण जिन्यात मला गाठून म्हणाली, "मला आधी सांगायचंस ना गं. मी तुला पुढे केलं नसतं." एवढंच बोलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आम्ही दोघं चालत घरी निघालो. मिस्टर एरवी रस्त्यात दिसेल त्यावर बोलतात, कुठली बिल्डिंग पाडली, कुठला टॉवर उठला. त्या दिवशी माझ्या चार पावलं पुढे चालत होते. नाहूरचा पूल चढताना म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"काय सांगणार होते?"

"की घर नको झालंय."

"घर नको नाही झालं."

"मग?"

खालून गाड्या जात होत्या. त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि मला तेव्हा दिसलं की मीटिंगसाठी त्यांनी दाढीही नव्याने केली होती. चारचौघांत नवऱ्याला उघडं पाडलं, तेही तो माझं कौतुक करत असताना. आणि खोटंही बोलले नव्हते, की ते मागे घेता यावं.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय झालं मीटिंगचं. मिस्टर टीव्ही लावत म्हणाले, "तुझ्या सुनेला घरी यायचा कंटाळा येतो, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चहा ठेवायला आत गेले.

पुढच्या महिन्यापासून ज्यांनी सह्या केल्या त्यांची बारा तासांची लाइन सुरू झाली. ती लहान मुलगी, मी आणि आणखी काही जणी. मैत्रीण आठ तासांवरच राहिली. आठ तासवाल्यांची लाइन खालच्या मजल्यावर गेली. आमच्या जेवणाच्या वेळा वेगळ्या झाल्या. गेटवर भेटली तर हात करायची, थांबायची नाही.

पहिले काही आठवडे मला खरंच बरं वाटलं. संध्याकाळी इतर जणी जायच्या, खालचा मजला रिकामा व्हायचा, आम्हाला कॅन्टीनचा दुसरा चहा मिळायचा. कोणीतरी दुसऱ्याने केलेला. तो पिताना मी खिडकीशी उभी राहायचे आणि बरं वाटतंय म्हणूनच वाईट वाटायचं.

आणि सुट्टीचे तीन दिवस? ते मी घराला देऊन टाकले. कोणी मागितले नव्हते. पण जगासमोर असं बोलून बसल्यावर मला घरात पाय पसरून बसवेना. डबे घासले, गाद्या उन्हात टाकल्या, फणसाची भाजी केली, घावणे केले, सासूबाईंना रोज तेल लावलं. आमच्याकडे धुण्या-भांड्याला एक बाई यायची. मिस्टर म्हणाले, "तू तीन दिवस असतेस ना, मग तिला कशाला ठेवायचं?" मी हो म्हटलं. वाद घालायचं तोंडच उरलं नव्हतं. बारा तासांचे चार दिवस उभं राहून काढायचे, आणि राहिलेले तीन घरात उभं राहून. संध्याकाळी पावलं इतकी सुजायची, की चपलेचे पट्टे कातडीत रुतायचे. शेजारीण म्हणाली, "मजा आहे बाई तुझी, तीन-तीन दिवस सुट्टी!" मी म्हटलं, हो ना.

एका सुट्टीच्या दुपारी मी सासूबाईंच्या पायांची नखं कापत होते. मिस्टर लाइटबिल भरायला गेले होते. टीव्ही बंद होता. सासूबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं आणि विचारलं, "दुखतत?"

"थोडे."

त्यांनी पातळ सारखं केलं. मग म्हणाल्या, "मी गिरणीत होतंय, ठावक आसा ना तुका?"

ठाऊक होतं. सासरे गिरणीत होते हे घरात सगळे सांगत. सासूबाईही लग्नानंतर थोडे दिवस सुताच्या खात्यात होत्या, हे कोणी बोललं तर बोललं. त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नव्हतं.

"मगे तीन पाळये सुरू झाले," त्या म्हणाल्या. "सायब म्हणालो, बायकांका रातपाळी कायद्यात बसणा नाय. म्हणान आमका घराक धाडल्यानी. सगळी म्हणाली, बरा झाला, आता पोरां बघीत. मी पण तसाच म्हटलंय."

"वाईट वाटलं तुम्हाला?"

"कायदो आमच्यासाठीच केललो म्हणत. आसतलो बरो. पण आमका इचारल्यानी खय?" मग त्यांनी आवाज खाली घेतला, घरात कोणी नव्हतं तरी. "खरा सांगू? माका घराक जावशा वाटायचा नाय. भोंगो झालो, की जीव खाली जायचो. एका खोलयेत बारा माणसां. कोणाक सांगतलंय? लाज वाटायची."

मी नेलकटर हातात धरून बसून राहिले. मला वाटत होतं, त्या दिवसापासून त्या मनातून माझ्यावर नाराज आहेत. म्हणून तर मी त्यांचं अंग दोनदा पुसत होते, मागितल्याशिवाय चहा देत होते.

"आणि ह्या माझा इतक्या करू नको," त्या म्हणाल्या. "रोज त्याल लावन माका सरदी झाली."

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही, त्या तशातल्या नाहीत. दुसरा पाय पुढे केला.

त्या रात्री जेवताना त्यांनीच मुलाला सांगितलं, "धुण्याच्या बायेक परत बोलव. आणि चाय तुका करूक येता ना?" मिस्टर दुसऱ्या दिवसापासून चहा करायला लागले. फार गोड करतात. माझ्याशी त्या विषयावर ते आजपर्यंत बोललेले नाहीत. फक्त चारचौघांत माझ्याबद्दल काही सांगायची वेळ आली, की आधी माझ्याकडे बघून घेतात. ते बघणं मला लागतं. त्यापेक्षा चपात्यांचा विनोद परवडला, असंही कधी वाटतं.

पावलांची सूज उतरेना तेव्हा डॉक्टर म्हणाले, एवढा वेळ उभं राहणं बंद करा. संमती कधीही मागे घेता येते, असं आम्हाला मीटिंगमध्ये सांगितलं होतं. तरी साहेबांच्या केबिनपर्यंत जायला मला आठवडा लागला. एका संध्याकाळी जिन्यावर मैत्रीण भेटली आणि या वेळी थांबली. माझे पाय बघून म्हणाली, "अजून किती दिवस करणारेस?"

"जायचंय साहेबांकडे. लाज वाटते गं. मीच मोठ्या तोंडाने बारा तास मागितले होते."

"मागितलेस तर मागितलेस," ती म्हणाली. "तुला पाहिजे होते म्हणून मागितलेस, आता नको असतील तर नको म्हण. मला राग त्याचा नव्हता आला. आठच बरे म्हणालीस ना माझ्यासमोर, त्याचा आला." मग जरा थांबून, "त्या पोरीच्या आईला मात्र फरक पडलाय हां. आता डायलिसिसला खाडे होत नाहीत. ते मला मान्य करायला लागलं."

मी केबिनमध्ये गेले. साहेबांनी मान वर करून बघितलं. मी म्हटलं, मला परत आठ तासांवर घ्या.

"मॅडम, तुम्हीच तर सगळ्यांसमोर म्हणाला होतात," ते म्हणाले. "घरी लवकर जायचं नसतं म्हणून."

कान तापले. पण मी उभी राहिले. "म्हटलं होतं, सर. आता पाय तसं म्हणत नाहीत." मग बाहेर पडता पडता वळून म्हटलं, "आणि पुढच्या वेळी पाळ्यांचं विचारायचं असेल तर आम्हाला एकेकीला आत बोलावून विचारा. घरच्यांना बोलावू नका."

"का? त्यांना माहिती नको?"

"माहिती आम्ही देऊ," मी म्हटलं. "घरची माणसं समोर बसली, की बाई एक तर खोटं बोलते, नाहीतर माझ्यासारखं बोलते."

त्यांना ते कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी बघू म्हटलं आणि फोन उचलला. मी सोमवारपासून खालच्या मजल्यावर गेले. मैत्रिणीच्या बाजूची जागा दुसऱ्या एकीला दिलेली होती, म्हणून मला पट्ट्याच्या पार शेवटच्या टोकाला उभं केलं. मी हातमोजे चढवले आणि मशीन सुरू व्हायची वाट बघत राहिले.